प्लाझ्मा टीव्ही घरी दुरुस्त करताना: बिघाड आधी ओळखा, बोर्ड नंतर मागवा

पॅनासॉनिकने २०१३च्या अखेरीस प्लाझ्मा टीव्हींचं उत्पादन थांबवलं. पुढच्याच वर्षी सॅमसंग आणि एलजी या दोघांनीही प्लाझ्मा सोडला. आज चालू असलेला जवळजवळ प्रत्येक प्लाझ्मा टीव्ही त्यामुळे दहा वर्षांहून जुना आहे आणि त्याचा एकही नवा बोर्ड आता तयार होत नाही. तरीही हे टीव्ही दुरुस्त करण्यासारखे आहेत. त्यांचं चित्र अजूनही डोळ्यांना सुखावतं, अंधारातली दृश्यं खरोखर अंधारी दिसतात आणि धावता चेंडू फरफटल्यासारखा दिसत नाही. शिवाय आतली रचना सुट्या बोर्डांची असल्यामुळे बिघडलेला बोर्ड काढून दुसरा बसवता येतो. आजच्या अनेक टीव्हींमध्ये एवढी मोकळीक नसते.

नवखी माणसं अडकतात ती निदानात. टीव्ही बंद पडला की कुठेतरी वाचून पॉवर सप्लाय मागवला जातो, तो बसवूनही टीव्ही बंदच राहतो, मग दुसरा बोर्ड येतो आणि तो लावताक्षणीच जळतो. हे टाळायचं तर एक गोष्ट मनाशी पक्की धरा: प्लाझ्मा टीव्ही ठरलेल्या क्रमाने सुरू होतो. पाटाचं पाणी कुठल्या वळणाशी अडलं ते पाहावं, तसं हा क्रम कुठे तुटला ते शोधायचं. ती जागा सापडेपर्यंत काहीही विकत घ्यायचं नाही.

धोका नेमका कुठे आहे

पॉवर सप्लायमधल्या मोठ्या कपॅसिटरांमध्ये ३८० ते ४०० व्होल्ट साठलेले असतात. पॅनल चालवणाऱ्या बोर्डांवर साधारण २०० व्होल्ट असतात. प्लग काढला म्हणजे ही वीज लगेच जाते असं नाही. चांगल्या स्थितीतल्या बोर्डावर ती काही मिनिटांत उतरते, पण बिघडलेल्या बोर्डावर ती उतरवणारा मार्गच तुटलेला असू शकतो. आपण उघडतो तो टीव्ही बिघडलेलाच असतो, हे विसरू नका.

म्हणून काही नियम. अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. पायांत रबरी तळाची चप्पल असू द्या. चालू टीव्हीवर मोजमाप घेताना मीटरची काळी वायर चिमट्याने धातूच्या सांगाड्याला अडकवा, लाल टोक एकाच हातात धरा आणि दुसरा हात टीव्हीपासून लांब ठेवा. घरात दुसरं कुणीतरी जागं असावं आणि प्लग कुठे आहे ते त्याला माहीत असावं. चालू टीव्हीतला कोणताही कनेक्टर ओढायचा नाही किंवा लावायचा नाही. यातलं काहीही नकोसं वाटत असेल तर बाहेरून करायचं निदान एवढंच करा आणि पुढचं काम जाणत्या माणसाकडे द्या. बाहेरच्या निदानाचाही त्याला मोठा उपयोग होतो.

दुसरा धोका काचेचा आहे. प्लाझ्माचं पॅनल म्हणजे एकावर एक चिकटवलेल्या दोन जड काचा. टीव्ही नेहमी उभाच ठेवा आणि उचलताना दोघं असा. पॅनल आडवं टाकलं तर ते स्वतःच्याच वजनाने वाकतं. मऊ, पूर्ण सपाट आधार नसेल तर तडा जातो आणि तडा गेला की सगळं संपलं. काम करताना टीव्ही स्वतःच्या स्टँडवर, भिंतीपासून हातभर पुढे उभा ठेवावा आणि मागच्या बाजूने काम करावं.

कामापुरती रचना

दोन काचांच्या मध्ये लाखो सूक्ष्म कप्पे असतात. त्यांत निऑन आणि झेनॉन वायू भरलेले असतात. विजेचा झटका बसला की वायूतून अतिनील किरण निघतात, ते कप्प्याच्या आतल्या फॉस्फरवर पडतात आणि लाल, हिरवा किंवा निळा उजेड पडतो. प्रत्येक कप्पा स्वतःच उजळतो, मागे वेगळा दिवा नसतो. त्यामुळे एलसीडी टीव्हीवर केली जाणारी बॅटरीचा झोत टाकून बघण्याची युक्ती इथे निरुपयोगी आहे.

कप्प्यांपर्यंत वीज तीन प्रकारच्या तारांनी पोचते. वाय आणि एक्स या तारा आडव्या धावतात, अॅड्रेस तारा उभ्या. १०२४ गुणिले ७६८ बिंदूंच्या पॅनलमध्ये ७६८ आडव्या ओळी असतात आणि प्रत्येक बिंदूला तीन रंग म्हणून ३०७२ उभ्या तारा. हे आकडे पाठ करण्याची गरज नाही, पण आडवा दोष वाय बाजूचा आणि उभा दोष अॅड्रेस बाजूचा, एवढं डोक्यात राहिलं तर अर्धं निदान समोरून बघूनच होतं.

मागचं झाकण उघडल्यावर बोर्ड साधारण असे दिसतात. मधोमध किंवा वरच्या भागात पॉवर सप्लाय. एका कडेला, कप्पे उजळत ठेवणारे झटके देणारा वाय-सस्टेन बोर्ड आणि त्याला लागून पॅनलच्या काठाशी उभे बसवलेले, ते झटके एकेका ओळीला वाटणारे बफर बोर्ड. विरुद्ध कडेला एक्स-सस्टेन. खालच्या काठाने, काही मॉडेलांत वरच्याही काठाने, अॅड्रेस बफरच्या अरुंद पट्ट्या. मध्ये लॉजिक किंवा कंट्रोल बोर्ड. आणि जिथे एचडीएमआयच्या खाचा दिसतात तो मेन बोर्ड. नावं कंपनीगणिक बदलतात. एलजी एक्स बाजूला झेड-सस्टेन म्हणते. पॅनासॉनिकमध्ये वाय बाजूचा बोर्ड एससी, एक्स बाजूचा एसएस, कंट्रोलचा डी आणि मेनचा ए असतो. ही अक्षरं बोर्डावरच मोठ्या टायपात छापलेली असतात.

झाकण उघडण्याआधी

वही-पेन घ्या. टीव्ही लावल्यापासून काय काय होतं ते क्रमाने लिहून काढा. अर्ध्या तासाचं हे काम पुढचे कित्येक दिवस वाचवतं.

टीव्हीच्या पुढच्या बाजूचा छोटा स्टँडबाय दिवाच लागत नसेल तर आधी तोच प्लग-पॉइंट दुसऱ्या उपकरणाने तपासा, मग पॉवर कॉर्ड बदलून बघा. काही टीव्हींना रिमोटला न जुमानणारा वेगळा मुख्य स्विच असतो, तोही पाहा. हे सगळं ठीक असेल तर संशय पॉवर सप्लायवर. तिथला फ्यूज आणि ५ व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा या दोन जागा आधी बघायच्या.

दिवा लागतो, ‘टिक’ असा आवाज येतो आणि दोन सेकंदांत पुन्हा ‘टिक’ होऊन सगळं बंद होतं. हा आवाज रिलेचा, म्हणजे आतल्या विजेवर चालणाऱ्या स्विचचा. टीव्हीने सुरू व्हायचा प्रयत्न केला, काहीतरी चुकीचं जाणवलं आणि स्वतःला वाचवण्यासाठी तो बंद झाला. दोन टिकांमधला वेळ नोंदवा. एक-दोन सेकंदांतच बंद होत असेल तर बहुधा कुठल्यातरी सस्टेन बोर्डावर शॉर्ट आहे. दहा-वीस मिनिटं नीट चालून बंद होत असेल तर तापणारा भाग, अडकलेला पंखा किंवा तापल्यावर उखडणारा सोल्डर-जोड शोधा. आणि टीव्ही सकाळी दहा वेळा टिकटिक करून मग सुरू होत असेल, दिवसेंदिवस हा वेळ वाढत असेल, पण एकदा लागला की तासन्‌तास चालत असेल, तर आनंदाची गोष्ट आहे. पॉवर सप्लायमधले कमी व्होल्टचे कपॅसिटर सुकले असण्याची दाट शक्यता आहे आणि यातली सगळ्यात सोपी, स्वस्त दुरुस्ती तीच.

दिवा ठरावीक वेळा लुकलुकतो, थांबतो, पुन्हा तितक्याच वेळा लुकलुकतो. हा टीव्हीने दिलेला संकेत आहे. सलग तीन-चार फेऱ्या मोजून आकडा नक्की करा. पॅनासॉनिकच्या बऱ्याच मॉडेलांमध्ये सहा ते आठ लुकलुकी सस्टेन बोर्डांकडे बोट दाखवतात, पण नेमका अर्थ मॉडेलप्रमाणे बदलतो. त्या मॉडेलची सर्व्हिस मॅन्युअल शोधा. जुन्या प्लाझ्मांच्या मॅन्युअल नेटवर बऱ्यापैकी मिळतात. तिच्यातली बोर्डांच्या जोडणीची आकृती आणि मोजमापाच्या बिंदूंचं पान छापून समोर ठेवा.

आवाज येतो, चित्र नाही. इथे एक सुंदर परीक्षा आहे. खोली पूर्ण अंधारी करा, डोळे दोन मिनिटं सरावू द्या आणि टीव्ही लावून पडदा निरखा. धडधाकट प्लाझ्माचा काळा पडदा अगदी मंद का होईना, उजळतो, कारण प्रत्येक कप्पा तयारीत ठेवण्यासाठी त्याला बारीक झटके द्यावे लागतात. जुन्या पॅनलांवर हा उजेड सहज दिसतो, शेवटच्या काळातल्या चांगल्या पॅनलांवर बारकाईने बघावं लागतं. उजेड दिसला तर पॉवर सप्लाय आणि सस्टेन बोर्ड काम करत आहेत, चित्राचा सिग्नल पोचत नाही. संशय मेन बोर्डवर, लॉजिक बोर्डवर किंवा त्या दोघांमधल्या केबलवर. उजेड अजिबातच नाही, तर बहुधा सस्टेन बाजू मेलेली आहे.

चित्रावर पट्टे असतील तर फोटो काढून ठेवा. पडद्याचा वरचा किंवा खालचा अर्धा भाग काळा, किंवा आडवा जाड पट्टा, म्हणजे वाय बफर किंवा त्याचा कनेक्टर. उभा रुंद पट्टा म्हणजे अॅड्रेस बफर किंवा त्याच्याकडे येणारी रिबन. केसाएवढी एकच उभी रेघ मात्र बहुतेक वेळा पॅनलला चिकटवलेल्या लवचिक पट्टीचा दोष असतो आणि तो घरी दुरुस्त होत नाही. अशी एखादी रेघ असेल आणि बाकी चित्र चांगलं असेल तर टीव्ही तसाच वापरावा. रेघ घालवायच्या नादात पट्टी दाबून, तापवून बघणाऱ्यांना एका रेघेच्या दहा रेघा मिळतात.

चित्र आहे पण रंग विचित्र झालेत, कडा फाटल्यासारख्या दिसतात, तर टीव्हीचा स्वतःचा मेनू उघडा. मेनू स्वच्छ आणि मागचं चित्र खराब असेल तर दोष केबलमध्ये, जोडलेल्या उपकरणात किंवा त्या खाचेत आहे. मेनूही फाटलेला दिसत असेल तर दोष पुढच्या टप्प्यात, लॉजिक बोर्डच्या बाजूला. आणि काळ्या भागात लाल, हिरवे ठिपके चमचमत असतील तर पॅनलला मिळणारे व्होल्टेज हलले आहेत का ते तपासायचं. त्याबद्दल पुढे.

पांढऱ्या चित्रावर वाढणारी बारीक गुणगुण हा बिघाड नाही. प्लाझ्मा तसा वाजतोच. आवाज अचानक वाढला असेल, तडतड ऐकू येत असेल किंवा जळका वास असेल, तर प्लग काढा.

उघडणं आणि वीज उतरवणं

प्लग काढून किमान पंधरा मिनिटं थांबा. मागच्या झाकणाचे स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात. कुठला कुठून काढला ते कागदावर टीव्हीची चौकट काढून तिथेच चिकटपट्टीने लावत गेलं की परत बसवताना गोंधळ होत नाही. झाकण काढल्यावर कशालाही हात लावण्याआधी सगळ्या बोर्डांचे आणि प्रत्येक कनेक्टरचे स्पष्ट फोटो घ्या.

मग मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. मीटर १००० व्होल्टपर्यंत मोजणारा आणि चांगल्या कंपनीचा असावा, त्याच्या वायरींचं वेष्टण कुठे फाटलेलं नसावं. पॉवर सप्लायवरच्या सगळ्यात मोठ्या कपॅसिटरांच्या दोन टोकांवर मोजा. आकडा १० व्होल्टच्या वर असेल तर २ ते ५ किलोओहम, १० वॅटचा रेझिस्टर वेष्टण असलेल्या वायरी जोडून त्या दोन टोकांना पंधरा-वीस सेकंद लावा आणि पुन्हा मोजा. दोन्ही सस्टेन बोर्डांवरच्या मोठ्या कपॅसिटरांवरही हेच करा. स्क्रूड्रायव्हरने टोकं जोडून ठिणगी पाडण्याची पद्धत काही जण अजून वापरतात, ती वापरू नका. त्यात बोर्ड जातो, टोकाचा धातू उडतो आणि डोळा जाऊ शकतो. दर वेळी टीव्ही चालू करून बंद केला की हे सगळं नव्याने करायचं.

डोळे आणि नाक

मीटर लावण्याआधी मऊ, कोरड्या ब्रशने धूळ झाडा आणि टॉर्च घेऊन बघा. कपॅसिटरचा माथा सपाट असायला हवा. फुगीर असेल, फुटून तपकिरी खपली आली असेल किंवा तळाशी ओल दिसत असेल तर तो गेला. माथा सपाट असूनही कपॅसिटर निकामी असू शकतो, ते कपॅसिटरचा आतला विरोध (ईएसआर) मोजणाऱ्या ईएसआर मीटरवरच कळतं. बफर बोर्डांवरच्या आयसींवर टाचणीच्या टोकाएवढं भोक किंवा काळा डाग शोधा. हे डाग तिरक्या उजेडातच दिसतात. मोठ्या कॉइलच्या आणि ट्रान्सफॉर्मरच्या पायांभोवती सोल्डरमध्ये बारीक गोल चीर पडलेली असते, ती भिंगाने पाहा.

आता पॅनलच्या मागच्या कोपऱ्यांकडे बघा. एका कोपऱ्याजवळ काचेचं बारीक, बंद टोक बाहेर आलेलं दिसेल. कारखान्यात हवा काढून वायू भरण्याची वाट ती. हे टोक तुटलं असेल तर वायू निघून गेलेला आहे आणि कितीही बोर्ड बदलले तरी पडदा उजळणार नाही. बोर्डांवर खर्च करण्याआधी ही जागा पाहायचीच.

क्रमाने मोजणं

पॅनलच्या मागच्या धातूवर किंवा एखाद्या बोर्डाशेजारी एक चिठ्ठी चिकटवलेली असते. तिच्यावर व्हीएस (सस्टेन बोर्डांचा व्होल्टेज), व्हीए (अॅड्रेस बाजूचा) आणि इतर काही व्होल्टेज लिहिलेले असतात. हे आकडे त्याच पॅनलपुरते खरे असतात. एका पॅनलला व्हीएस १७५ लागतो, तर दुसऱ्याला २०५. व्हीए बहुधा ५० ते ७५च्या दरम्यान असतो. चिठ्ठीचा फोटो काढा, तुमची खरी मार्गदर्शक तीच.

नवख्या माणसाने पॉवर सप्लायची मेन लाइनकडची बाजू चालू स्थितीत मोजू नये. बोर्डावर जाड रेघ किंवा छटा देऊन ती वेगळी दाखवलेली असते. ती थेट घरातल्या विजेशी जोडलेली असते आणि तिथे सांगाडा हा शून्य व्होल्ट धरता येत नाही. आपलं काम दुसऱ्या बाजूच्या कनेक्टरांवर भागतं. त्यांच्या पिनांची नावं बोर्डावर छापलेली असतात.

प्लग लावा, टीव्ही स्टँडबायवर ठेवा. स्टँडबायची पिन बहुतेक टीव्हींत ५ व्होल्टच्या आसपास दाखवते. इथे काहीच नसेल तर क्रम पहिल्याच पायरीला तुटला आणि दोष पॉवर सप्लायमध्ये आहे. व्होल्टेज आहे, पण रिमोट दाबताच कोसळतं, तर कपॅसिटर सुकलेत. ५ व्होल्ट पक्के आहेत आणि रिले वाजतच नाही, तर मेन बोर्डकडून ‘सुरू हो’ हा आदेश येत नाही.

रिले वाजला तर पुढची पिन व्हीएसची. मीटर आधी लावून ठेवा आणि मग दुसऱ्या माणसाला रिमोट दाबायला सांगा, म्हणजे तुमचं लक्ष टोकावर राहील. व्हीएस चढतो, चिठ्ठीवरच्या आकड्यापाशी स्थिरावतो आणि तरी पडदा काळाच, तर पॉवर सप्लाय निर्दोष आहे. दोष सस्टेन किंवा लॉजिक बोर्डात. व्हीएस चढता चढता कोसळतो आणि टीव्ही बंद होतो, तर कुणीतरी त्याला खाली ओढतंय. हा प्रकार सगळ्यात जास्त आढळतो, म्हणून त्याच्यावर थोडं थांबू.

शॉर्ट कुणाचा?

टीव्ही बंद, प्लग बाहेर, वीज उतरवलेली. पॉवर सप्लायकडून वाय आणि एक्स बोर्डांकडे जाणाऱ्या व्हीएसच्या केबली काढा. आता प्रत्येक सस्टेन बोर्डावर व्हीएसची पिन आणि सांगाडा यांच्यामध्ये ओहम मोजा. चांगल्या बोर्डावर आकडा हळूहळू चढत जातो आणि किलोओहममध्ये जातो, कारण बोर्डावरचे कपॅसिटर मीटरच्या विजेने भरत असतात. बिघडलेल्या बोर्डावर आकडा एक-दोन ओहमवर चिकटून राहतो. अनेक सस्टेन बोर्डांवर व्हीएसच्या वाटेत फ्यूज असतो, त्याचीही सलगता तपासा. तो उडालेला असेल तर नुसता फ्यूज बदलून काही साधत नाही. हीटसिंकखालचा ट्रान्झिस्टर किंवा पॉवर मॉड्यूल शॉर्ट झाल्यामुळेच तो उडालेला असतो. तिथे जास्त क्षमतेचा फ्यूज किंवा तार घालणं म्हणजे आगीला बोलावणं.

काही मॉडेलांत एका सस्टेन बोर्डाची केबल काढून टीव्ही लावला आणि तो बंद न पडता टिकला, तर काढलेला बोर्ड दोषी ठरतो. पण प्रत्येक टीव्ही हे चालवून घेत नाही. काही टीव्ही बोर्ड जागेवर नाही एवढ्यावरूनच बंद पडतात आणि निष्कर्ष चुकतो. मॅन्युअलमध्ये परवानगी असेल तरच हे करा, नाहीतर ओहमच्या मापावर विसंबा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. वाय-सस्टेन बोर्ड गेलेला आढळला तर त्याचे बफर बोर्ड तपासल्याशिवाय नवा बोर्ड लावायचा नाही. बफरची एक आयसी शॉर्ट झाली की ती वाय-सस्टेनला घेऊन बुडते. नवा वाय-सस्टेन त्याच शॉर्ट बफरवर लावला की तोही पहिल्या सेकंदात जातो. बफर वेगळा करा, मीटर डायोडवर ठेवा, एक टोक बफरच्या स्वतःच्या शून्य व्होल्टच्या रेघेवर टेका आणि दुसरं टोक पॅनलकडे जाणाऱ्या पायांवरून एकेक करत फिरवा. लक्षात ठेवा, बफरचं शून्य हे सांगाड्याचं शून्य नसतं. आकडा किती येतो याला महत्त्व नाही, सगळ्या पायांवर तो सारखा यायला हवा. शेकडो पायांत एखादा पाय शून्य दाखवतो, तिथे आयसी गेली. हे काम कंटाळवाणं आहे, तरी ते पूर्ण करा. पाय फार बारीक असतात, मीटरच्या टोकावर शिवणाची सुई बांधली की दोन पाय एकदम दाबले जात नाहीत.

कपॅसिटर बदलणं

नवा कपॅसिटर त्याच मायक्रोफॅरडचा, १०५ अंश सेल्सियसचा आणि कमी ईएसआरचा घ्या. व्होल्ट तेवढेच किंवा एक पायरी वरचे चालतात. १० व्होल्टच्या जागी १६ व्होल्टचा बसवला तर तो जास्त टिकतो, फक्त उंचीत बसतो का ते पाहा. एकच फुगलेला दिसला तरी त्याच ओळीतले भाऊबंदही बदला, त्यांनी तेवढाच ताप सोसलेला असतो.

कपॅसिटरच्या अंगावरची पट्टी ऋण पाय दाखवते. काढण्याआधी बोर्डावर ती कुठल्या बाजूला होती ते फोटोत आलंय ना, बघा. कारखान्याचा सोल्डर सहज वितळत नाही, म्हणून आधी जोडावर थोडा ताजा सोल्डर लावा, मग दोन्ही पाय आळीपाळीने तापवत कपॅसिटर हलकेच ओढा. जोर लावला तर भोकातली तांब्याची कडी सोबत निघून येते. भोकं सोल्डर शोषून घेणाऱ्या तांब्याच्या वेणीने मोकळी करा. नवा बसवून झाल्यावर पायांच्या मध्ये सोल्डरचा पूल झाला नाही ना, हे भिंगाने पाहा.

बोर्ड मागवताना आणि बसवताना

नवे बोर्ड नाहीत. फुटलेल्या पॅनलच्या टीव्हींतून काढलेले वापरलेलेच मिळतात. टीव्हीच्या मॉडेल नंबरवर मागवू नका, एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळी पॅनलं असतात. बोर्डावरचा नंबर बघा. सॅमसंगच्या बोर्डांवर ‘एलजे४१’ने सुरू होणारा नंबर भाग न बसवलेल्या नुसत्या छापील बोर्डाचा असतो, तर ‘एलजे९२’ने सुरू होणारा चिठ्ठीवरचा नंबर भाग बसवून तयार झालेल्या बोर्डाचा. एलजीमध्ये हीच जोडी ‘ईएएक्स’ आणि ‘ईबीआर’ अशी आहे. जुळायला हवा तो चिठ्ठीवरचा. पॅनासॉनिकच्या ‘टीएनपीए’ नंबरमागची शेवटची अक्षरंही जुळवून घ्या. विकणाऱ्याकडून चिठ्ठीचा जवळून काढलेला फोटो मागवा.

रिबनच्या कनेक्टरांना कुलूप असतं, कुठे वर उघडणारी झडप तर कुठे बाहेर सरकणारी पट्टी. कुलूप न उघडता रिबन ओढली तर ती फाटते, आणि पॅनलकडून येणारी रिबन फाटली तर टीव्ही गेला. लावताना ती सरळ आणि पूर्ण आत गेली पाहिजे. एखाद-दोन पायांनी वाकडी बसलेली रिबन बफर जाळू शकते. बोर्डाचे सगळे स्क्रू परत लावा. ते बोर्ड धरून तर ठेवतातच, पण सांगाड्याशी विजेची जोडणीही त्यांच्यातूनच होते. ‘चारच पुरेत’ म्हणून सोडलेल्या स्क्रूंमुळे चित्रात ठिपके येतात आणि बोर्ड तापतो.

पहिल्यांदा सुरू करताना

झाकण न लावता, हातभर लांब उभं राहून सुरू करा. धूर, ठिणगी, तडतड नाही ना? टीव्ही किमान दहा-पंधरा मिनिटं तापू द्या, मग पांढरं चित्र लावून व्हीएस आणि व्हीए मोजा. सॅमसंगच्या काही मॉडेलांत लॉजिक बोर्डवर आतलं चाचणी-चित्र चालू करणारा बारीक स्विच असतो. हे चित्र मेन बोर्डाशिवायच येतं. त्यामुळे ते स्वच्छ दिसलं आणि नेहमीचं चित्र खराब असलं तर दोष मेन बोर्डाच्या बाजूला आहे हे लगेच कळतं.

आकडा चिठ्ठीपेक्षा एक व्होल्टहून जास्त हललेला असेल तर पॉवर सप्लायवरच्या, नाव छापलेल्या छोट्या फिरकीने तो जुळवा. त्यासाठी प्लास्टिकच्या टोकाचा पेचकस घ्या आणि केसभरच फिरवा. बोर्ड बदलल्यावर दिसणारे रंगीत ठिपके पुष्कळदा एवढ्यानेच जातात. चित्र उजळ व्हावं म्हणून व्हीएस वाढवू नका. त्याने चित्र सुधारत नाही, बफर मात्र मरतात.

एखाद्या चॅनलच्या खुणेची सावली पडद्यावर रेंगाळत असेल तर काही तास पूर्ण पडदाभर हलतं चित्र चालू ठेवा. वरवरची सावली तेवढ्याने विरते. फॉस्फर असमान झिजल्यामुळे कायमची उमटलेली खूण मात्र कुठल्याही बोर्डाने जात नाही.

सगळं ठीक असेल तर अर्धा तास चालू ठेवून पुन्हा एकदा व्हीएस मोजा. मग प्लग काढा, वीज उतरू द्या, पंख्यांची पाती हाताने फिरवून पाहा आणि झाकण लावा. पॅनलच फुटलेलं निघालं असेल तर ते ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या. त्याआधी चांगले बोर्ड काढून, चिठ्ठीवरचे नंबर लिहून स्थिर विजेपासून वाचवणाऱ्या पिशव्यांत ठेवा. असा एखादा बफर शोधत असलेली माणसं कुठे ना कुठे असतातच.